आडाची दरखास्त

लोक म्हणतात, वय झालं की माणसाचा राग निवतो. माझा निवला न्हाई. दात पडले, गुडघे गेले, पण त्या हॉटेलवाल्या मेंबराचा विषय निघाला की माझ्या तळपायाची आग अजून मस्तकाला जाते. त्याचं नाव मी इथं लिहिणार न्हाई. एकदा मी ते ढीगभर चिठ्ठ्यांवर माझ्या हातानं लिहिलंय, त्याला मतं मिळावीत म्हणून. तेवढं पाप एका जन्माला बस झालं.

जालन्यात आमची गल्ली नदीच्या अंगाला होती, उतारावर. वीस-बावीस घरं. गल्लीच्या तोंडाशी एक पडीक जागा आणि तिच्या खालच्या कडेला आमचा आड. त्या भागातले बाकीचे आड मचूळ पाण्याचे. त्यात डाळ शिजायची न्हाई, साबणाला फेस यायचा न्हाई, चहा केला तर तोंड वाकडं व्हायचं. आमचा एकटा आड गोड्या पाण्याचा होता. बलदियाचा नळ पार मोठ्या रस्त्याला, तिथं सकाळपासून घागरींची रांग आणि बायांची भांडणं. (नगरपालिकेला तवा सगळे बलदियाच म्हणायचे, निजामाच्या राज्यातला शब्द.) मी राजूरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आले, तेव्हा शेजारची मारवाडी काकी मला पहिली घागर ओढू लागली आणि म्हणाली, "बाई, सोनं तुला कमी घातलंय, पण पाणी बराबर मिळालंय."

ही काकी जैन. तिच्या घराण्याला राजस्थानातून येऊन चार पिढ्या झाल्त्या, पण पाणी गाळल्याशिवाय तिच्या घरात चूळसुद्धा भरत नसत. तिहेरी कापडातून पाणी गाळायचं, आणि कापडाला लागलेले बारीक जीव ज्या आडातले असतील त्याच आडात, लोट्यातून अलगद परत सोडायचे. दुसऱ्या पाण्यात सोडले तर ते मरतात, म्हणायची. मला आधी हसू यायचं. मंग सवय झाली.

आडाला तीन बाजूंनी कठडा होता. चौथी बाजू, पडीक जागेकडची, ढासळल्ती. निजाम गेल्ता, पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं लोटल्ती, आणि बलदियाच्या निवडणुकीत आम्हा बायांनाबी मत मिळालं. माझ्या नवऱ्याचा लहानपणचा दोस्त उभा राह्यला. गल्लीच्या तोंडाशीच त्याचं चहाचं हॉटेल, वर राहतं घर. मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भाऊजी. दारात येऊन हात जोडून म्हणाला, "वहिनी, निवडून आलो की पहिलं काम तुमच्या आडाचा कठडा."

मी चौथी शिकलेली. गल्लीत लिहिता येणारी बाई मी एकटी. चिठ्ठ्या मी लिहिल्या. कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर मी हिंडले. मतदानाच्या दिवशी सोवळ्यातल्या म्हाताऱ्या बायांना हात धरून मी नेलं. भाऊजी दणक्यात निवडून आला. मेंबर झाला. आम्ही त्याला आडापाशीच ओवाळलं, मूर्ख कुठल्या.

मेंबर झाल्यावर हॉटेल वाढलं. आधी नुसता चहा न् भजी होती, आता दुपारची थाळी सुरू झाली. बदनापूर, भोकरदनकडून कामाला आलेली माणसं जेवायला यायची. मोठमोठे लोक यायचे, बलदियाचे कारकून यायचे, साफसफाईवर देखरेख करणारा दारोगा यायचा. जेवण वाढलं तशा पत्रावळी वाढल्या. त्या पत्रावळी, उष्टा भात, कांद्याची टरफलं, चहाचा चोथा, भट्टीची राख, सगळं हॉटेलचा माणूस टोपल्यानं आणायचा आणि आमच्या आडाशेजारच्या पडीक जागेत ओतायचा. पहिल्यांदा एक टोपलं. मंग दोन. मंग बाकीचे दुकानदारबी आणून टाकू लागले, कारण मेंबरच टाकतो म्हणल्यावर कोण बोलणार? कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय!

मी गेले त्याच्याकडं. गल्ल्यावर बसल्ता. "भाऊजी, जागा उताराची आहे. पाऊस झाला की हे सगळं आडात जाईल."

"वहिनी, दोन दिवसांत उचलतो. तुमचं काम ते माझं काम. चहा घेता?"

चहा मी घेतला न्हाई. एवढं एक बरं केलं. दोन दिवस झाले, दोन महिने झाले. ढीग गुडघ्याएवढा होता तो कमरेएवढा झाला. कुत्री, डुकरं, कावळे, सगळ्यांची सोय झाली तिथं. पावसाळा लागला आणि एका सकाळी काकी गाळण्याचं फडकं दोन्ही हातांत धरून माझ्या दारात आली. फडक्यावर भाताची शितं होती, चहाचा चोथा होता आणि मधे वळवळणारे पांढरे किडे. काकीच्या डोळ्यांत पाणी. "बाई," म्हणाली, "हे भातावरचे किडे आडातले न्हाईत. मी यांना कुठं सोडू?"

त्या दिवशी मी पहिली दरखास्त लिहिली. आज माझ्या नावावर पुस्तकं आहेत, लोक मला विचारतात, लिखाण कसं सुरू झालं. असं सुरू झालं. कचऱ्यानं.

दरखास्त घेऊन मी आणि काकी बलदियात गेलो. तिथला कारकून चष्मा कपाळावर सारून बघू लागला. कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"हे मराठीत आहे."

"मंग? मराठीत बोलून राह्यला न तुम्ही माझ्याशी?"

"बोलायचं मराठीत, बाई. दफ्तर उर्दूत. उर्दूत लिहून आणा."

काकीनं पदराखालचं फडकं काढून त्याच्या टेबलावर पसरलं. तो खुर्चीसकट मागं सरकला. "हे काय आणलंय?"

"पुरावा," मी म्हणाले.

"पुरावा कागदावर लागतो. फडक्यावर चालत न्हाई."

काकी शांतपणानं म्हणाली, "कागदानं पाणी गाळता येत न्हाई, साहेब." पण असल्या माणसाला काय? गाढवापुढं वाचली गीता. त्यानं शिपायाला हाक मारली आणि फडकं उचलायला लावलं.

कोर्टापुढं एक म्हातारा अर्जनवीस बसायचा. त्याच्याकडून मी उर्दूत दरखास्त लिहून घेतली. त्यानं सुंदर अक्षरात लिहिली, वर चार सलाम घातले. ती पोचली. चार महिन्यांनी उत्तर आलं की सदर जागा बलदियाची नसून खाजगी आहे, सबब मालकाकडं तक्रार करावी. मालक कोण, तर हैदराबादेत राहणारा कुणी, ज्याला गल्लीतल्या कुणी बापजन्मात पाहिलेला न्हाई. मी त्या मालकाच्या नावानं बलदियातूनच पत्ता मागितला. त्यांनी सांगितलं, पत्ता खाजगी आहे.

दुसरी, तिसरी, चौथी. मी थांबले न्हाई. नवरा जिनिंगमध्ये हिशेबनीस होता, भिडस्त माणूस, मांजर आडवं गेलं तरी त्याला वाट देणारा. तो म्हणायचा, "जाऊ दे गं, दोस्त आहे आपला." मी म्हणायची, "तुमचा असंल. माझ्या आडाचा वैरी आहे."

मंग एकदा दारोगा आला, पाहणीला. तो येणार ही खबर आम्हांला नव्हती, पण मेंबराला होती. कारण त्या पहाटे ढिगावर हॉटेलच्या माणसांनी दोन पोती चुन्याची पावडर फेकली आणि वर पळसाची पानं झाकली. दारोगा आला, नाकाला रुमाल लावून लांबूनच बघितलं, आणि हॉटेलात जाऊन बसला. तासाभरानं ढेकर देत बाहेर आला. त्याच्या अहवालाची नक्कल मला मिळाली, त्यात लिहिल्तं, "मौक्यावर कचरा आढळला नाही. चुना आढळला." खरं सांगते, मी ते वाचून आधी हसले. मंग घरातलं पाट्यावरचं वाटण करताना वरवंटा इतक्या जोरात हाणला की पाट्याची कड उडाली.

तोवर दफ्तरात मराठी आली. कारकून म्हणाला, जुन्या उर्दू दरखास्ती आता कुणी वाचत न्हाई, मराठीत द्या. दिल्या. मंग हैदराबाद राज्य मोडलं आणि आपण मुंबई राज्यात गेलो. कारकून तोच, चष्मा तोच, खुर्ची तीच. म्हणाला, "राज्य बदललं, बाई. मागचे अर्ज बाद. नव्यानं द्या." आता दरखास्तीला अर्ज म्हणायचे आणि बलदियाला नगरपालिका, एवढाच फरक पडला. मी नव्यानं दिले.

आणि मंग, देव त्यांचं भलं करो, त्यांनी काहीतरी केलं. एक मोठा लोखंडी पिंप आणून बसवला. कुठं? बराबर आडापाशी, ढासळल्या कठड्याच्या बाजूला. पिंपावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, "कचरा येथे टाका." आतापर्यंत लोक चोरून टाकायचे, आता हुकमानं टाकू लागले. मेलेली उंदरं, सडके आंबे, न्हाव्याच्या दुकानातले केस, सगळा गाव आमच्या आडावर लोटला. पिंप दोन दिवसांत भरला आणि मंग लोक पिंपाभोवती टाकू लागले. मेंबर मला रस्त्यात भेटला आणि छाती काढून म्हणाला, "वहिनी, झालं का न्हाई तुमचं काम?" मुडदा बशिवला त्याचा!

त्या पावसाळ्यात गल्लीतली निम्मी पोरं हगवणीनं अंथरुणाला लागली. माझी मधली मुलगी मुदतीच्या तापानं पडली. एकवीस दिवस. तिच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत मी बसायची. अठराव्या दिवशी तिनं मला ओळखलं न्हाई. "बाई, तुम्ही कोण?" असं विचारलं तिनं, माझ्याच पोटच्या पोरीनं. डॉक्टरनं सांगितलं, आडाचं पाणी उकळल्याशिवाय देऊ नका. ती वाचली. केस सगळे गळाले, पाय काड्या झाले, पण वाचली. तिला पहिल्यांदा मऊ भात भरवला, त्या दिवशी मी देवाजवळ दिवा लावला आणि म्हणाले, आता अर्ज पुरे. आता मी या माणसाला रडवणार. तोवर मला नुसता आड स्वच्छ व्हायला हवा होता. त्या दिवसापासून मला दोन्ही हवं होतं, आड आणि सूड.

दिवाळी आली. आमच्या माहेराकडं पाडव्याच्या पहाटे अलक्ष्मी काढतात. घराचा कोपरा न् कोपरा झाडायचा, सगळा केर एका फुटक्या टोपलीत नाहीतर जुन्या सुपात भरायचा, त्यावर वर्षभर झिजलेली केरसुणी ठेवायची, एक पणती लावायची, आणि दुसरं सूप लाटण्यानं बडवत, "इडा पिडा जावो, बळीचं राज येवो" म्हणत ते गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन टाकायचं. घरातलं वर्षाचं दुखणंखुपणं, भांडण, दरिद्र, सगळं त्या टोपलीत बसून जातं असं मानतात. आणि एक नेम फार कडक. टाकून आलं की मागं वळून बघायचं न्हाई. वळून बघणाऱ्याच्या पाठोपाठ अलक्ष्मी घरी परत येते. आमच्या गल्लीत बऱ्याच बाया खेड्यांतून आलेल्या, घरोघर ही रीत होती.

वसुबारसेला आम्ही बाया आडापाशी जमलो असताना एकीनं विचारलं, "यंदा अलक्ष्मी टाकायची कुठं? उकिरडा तर आडावरच आलाय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ज्यानं उकिरडा आपल्या दारात आणला, त्याच्या दारात."

मंग एक हसली, मंग दुसरी. काकी मात्र मान हलवून म्हणाली, "न्हाई बाई. कुणाच्या दारात पीडा टाकणं, पाप लागतं. मी येणार न्हाई." घरी गेली आणि थोड्या वेळानं परत आली. तिच्या हातात एक फुटकी टोपली होती. म्हणाली, "मी येणार न्हाई. पण ही घेऊन जा."

पाडव्याला उजाडायच्या आधी आम्ही निघालो. वीस घरांच्या वीस बाया, प्रत्येकीच्या डोक्यावर टोपलं, टोपल्यात पणती. सुपं बडवण्याचा असा आवाज उठला की स्टेशनापर्यंत ऐकू गेला असंल. मेंबराच्या दारात त्याच्या बायकोनं आदल्या संध्याकाळी सुंदर रांगोळी काढल्ती, उंबऱ्याला झेंडूचं तोरण. आम्ही एकीमागं एक गेलो आणि रांगोळीवर टोपली ठेवत गेलो. माझ्या टोपलीत मी घरातल्या केराबरोबर आणखी एक वस्तू ठेवल्ती. पोरीचे गळालेले केस, कागदात बांधून. "इडा पिडा जावो!" मी ओरडले, आणि त्याच्या दाराकडं बघून ओरडले. वर खिडकी उघडल्याचा आवाज झाला. कुणीतरी बाईमाणूस "अगं बाई!" म्हणालं.

मंग आम्ही पाठ फिरवली. आता मागं बघायचं न्हाई. मला किती बघायचं होतं सांगू! त्याचा चेहरा बघायला मी एक वर्ष दिलं असतं आयुष्यातलं. पण वीस जणींपैकी एकीनंबी मान वळवली न्हाई. सरळ घरी, दारात हातपाय धुतले, तेल लावलं, उटणं लावलं, पोरांना न्हाऊ घातलं. पोरीच्या तुळतुळीत डोक्याला तेल चोळताना मी गाणं म्हणत होते. तसा पाडवा मला परत लाभला न्हाई. तासभर टिकला तो.

ओवाळून झालं आणि मी घागर घेऊन आडावर गेले. आडात वाकले. पाण्यावर सुपं तरंगत होती. टोपल्या, केरसुण्या, विझलेल्या पणत्या. माझी टोपली मला ओळखू आली, तिचा काठ मी लाल चिंधीनं बांधला होता. कागदाची पुडी सुटून पोरीचे केस पाण्यावर पसरले होते.

आम्ही मागं बघितलं न्हाई, हीच चूक. वळून बघितलं असतं तर दिसलं असतं, की मेंबरानं लगेच नगरपालिकेची कचऱ्याची गाडी बोलावली. आमच्या अर्जावर सहा सहा महिने न हलणारी गाडी, सणाच्या सकाळी, तासाभरात त्याच्या दारात उभी राह्यली. गाडीवर गल्ली झाडणारी बाई होती, तिनंच मला मागाहून सांगितलं. मेंबर म्हणाला, "गल्लीचंय, गल्लीत नेऊन टाका." पिंप भरलेला, भोवती ढीग. मंग गाडी आडाच्या ढासळल्या बाजूला आणून मोकळी केली. हलक्या टोपल्या, उताराची जागा. "आपोआप घसरलं का मुद्दाम लोटलं?" मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारता, बाई? मी नोकर." लोक म्हणतात घसरलं असंल. मी म्हणते, लोटलं. मरेपर्यंत हेच म्हणीन.

दुपारी दारोगा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आडापर्यंत चालत आला, वाकून बघितलं, आणि कठड्यावर कागद ठेवून पंचनामा लिहिला. पंच म्हणून सहीला गल्लीतला लिहिणारा पुरुष हवा होता. माझ्या नवऱ्याला बोलावलं. त्यानं वाचलं आणि सही केली.

मी घरात येऊन भडकले. "काय लिहिल्तं त्यात?"

"आडात गल्लीतल्या घरांची सुपं, टोपल्या, केरसुण्या न् केस आढळले, असं."

"आन् तुम्ही सही केली?"

तो खाली बघत म्हणाला, "खोटं काय होतं त्यात?"

खोटं काहीच नव्हतं. पत्रावळी किड्यांसकट सहा वर्षं आडात गेल्या, त्याचा पंचनामा कधी झाला न्हाई. आमची टोपली एकदा गेली, आणि सहीशिक्क्यासह कागदावर आली.

पुढचं सगळं भराभर झालं. इतकी भराभर कामं होतात हे मला तेव्हा कळलं. महिन्याच्या आत नोटीस लागली. आडाचं पाणी पिण्यास अयोग्य, आरोग्यास धोका, सबब आड बुजवण्यात येत आहे. पुरावा म्हणून पंचनामा जोडला होता. आणि त्याखाली माझे अर्ज. सगळे. उर्दूतला, मराठीतला, राज्य बदलल्यानंतरचा. ज्या कारकुनाला ते सापडत नव्हते त्याला आता तारखेवार सापडले. "पाण्यात किडे आहेत", "पाणी पिऊन मुले आजारी पडत आहेत", हे माझ्याच अक्षरात. मी लिहायला शिकले ते यासाठी का?

आड बुजवायला भराव लागतो. तो कुठून आणला असंल? शेजारीच तर होता. तो ढीग, सहा वर्षांचा, ज्याला कुणी हात लावत नव्हतं, तो नगरपालिकेच्या माणसांनी चार दिवसांत पाट्या भरभरून उचलला आणि आडात ओतला. जागा लख्ख झाली. पिंपसुद्धा आत ढकलला. वरून मुरूम टाकून धुमसानं ठोकलं. आम्ही बाया बघत उभ्या राह्यलो. मेंबर छत्री धरून उभा होता, ऊन लागू नये म्हणून. माझ्याकडं बघून हसला. ते हसू मी विसरले न्हाई.

काकीनं त्या सकाळी आदल्या दिवशी भरलेलं शेवटचं पाणी गाळलं होतं. लोट्यात जीव घेऊन ती भरावाच्या कडेला आली आणि तशीच थांबली. "आता यांना कुणाच्या घरी सोडू, बाई?" तिनं मला विचारलं. मी खाली बघितलं. अलक्ष्मीची कल्पना माझी होती, हे ती कधी बोलली न्हाई. दुसऱ्या कुणी बोललं न्हाई. त्याचाबी मला राग येतो. कुणीतरी बोलायला पाहिजे होतं.

दोन महिन्यांनी पोस्टानं माझ्या नावाचा लिफाफा आला. माझ्या नावाचा, नवऱ्याच्या नव्हे. सगळ्या अर्जांचे क्रमांक वर दिलेले, आणि खाली दोन ओळी. आपल्या तक्रारींची दखल घेण्यात आली आहे. तक्रारीचे कारण दूर झाल्याने प्रकरण दाखल दफ्तर करण्यात येत आहे. म्हणजे फाईल बंद.

मी तो कागद चुलीत घातला न्हाई. घातला असता तर विसरले असते, आणि मला विसरायचं नव्हतं.

मंग मोठ्या रस्त्यावरच्या नळाच्या रांगा माझ्या नशिबाला आल्या. उजाडल्यापासून उभं राहायचं, धक्काबुक्की, दोन हंडे डोक्यावर न् एक कमरेवर. मान दुखायची, कंबर जायची. पाणी इतकं जपून वापरायची की भांडी घासलेलं पाणी झाडाला आणि झाडाला घालून चुकून उरलं तर सड्याला.

पुढची निवडणूक चैत्रात आली. ऊन असं की जमिनीवर पाय ठरेना. मेंबर परत उभा राह्यला होता आणि दारोदार हिंडत होता. आमच्या दारात आला तेव्हा त्याच्याबरोबरचे लोक सावलीला मागं थांबले होते. अंगावरचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला, ओठ फाटलेले. थकल्यासारखा दिसला, म्हातारासुद्धा. हात जोडून म्हणाला, "वहिनी, मागचं झालं गेलं विसरा." तो उंबऱ्याशी पायरीवर बसला. टोपी काढून वारा घेऊ लागला. मंग म्हणाला, "जरा पाणी द्या, वहिनी. घसा कोरडा पडला."

माझ्या पाठीमागं तिवईवर दोन हंडे होते, काठोकाठ भरलेले. त्या सकाळीच आणलेले. बाहेरून पाझरून तिवईखाली ओल आली होती. त्याला ते बसल्या जागेवरून दिसत होतं.

"पाणी न्हाई," मी म्हणाले.

त्यानं हंड्यांकडं बघितलं, मंग माझ्याकडं. "एक घोट तरी."

"न्हाई."

आतून माझा नवरा उठला, तांब्या घ्यायला हात पुढं केला. मी हंड्याच्या झाकणावर तळहात दाबून ठेवला. तो हळूच म्हणाला, "अगं, दारात आलेल्या वैऱ्यालाबी पाण्याला न्हाई म्हणू नये. पाप लागंल."

"लागू द्या."

मेंबर उठला. टोपी घातली. पायरी उतरताना त्याचा तोल जरासा गेला, भिंतीला हात लावून सावरला. तो दारासमोरून जाईपर्यंत मी थांबले. मंग झाकण काढलं, तांब्या बुडवून भरला, दारात उभी राह्यले, आणि तो वळून बघत असताना त्याच्या देखत सगळा तांब्या घटाघटा प्याले.

मला तहान बिलकुल नव्हती.